पानं आणायला गेलो

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एका पुस्तकावर दगड ठेवणं. दुपारची वेळ होती. मी वांग्याच्या वाफ्यातून नुकताच आलो होतो, पाय धुवायचे होते. ती आतून म्हणाली, "अवो, इकडे या जरा. हा पाटा उचलून ह्या पुस्तकावर ठेवा. माह्यानं उचलत नाही." पुस्तक म्हणजे आमच्या सुमनचं शाळेतलं नकाशांचं मोठं पुस्तक. मी पाटा ठेवला. "थोडा इकडे सरकवा." सरकवला. "बस." मी पाय धुवायला गेलो. पुस्तकात काय आहे ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. चाळीस वर्षं आमचं असंच चाललं.

त्यानंतर सहाव्या दिवशी आदिलाबादच्या दवाखान्यात ती वारली. जाण्याआधी एकच गोष्ट बोलली, "माही पानं सुमीले द्या." ती पान खायची. चुना, कात, सुपारी, सारं एका पितळेच्या डब्यात असायचं. मी म्हटलं, देतो.

ती गेल्याच्या नवव्या दिवशी घर साफ करायला काढलं. रद्दीवाला दारात आला तेव्हा ते नकाशांचं पुस्तकही त्याला दिलं. देताना झटकलं, तर आतून वाळलेली पानं पडली. झाडांची पानं, बरीच होती. मला कचरा वाटला. गोळा करून चुलीत घातली, त्यावर चहा ठेवला आणि प्यालो.

तेरवीला सुमन सासरहून, इचोड्याहून आली. मी तिच्या हातात पितळेचा डबा दिला.

"हे काय?"

"तुह्या मायनं सांगतलं होतं. पानं सुमीले द्या मनून."

तिनं डबा उघडला, मिटला. "बाबा, ही पानं नाई. पुस्तकातली पानं. कुठी हाय पुस्तक?"

मला खोटं बोलता येत नाही. जे केलं ते सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला. म्हणाली, "मायले लिवता येत नव्हतं. काही ध्यानात ठेवाचं असलं का ती पान ठेवे. तुमी तिची सारी वही जाळली."

त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या तामसीच्या एसटीडीवरून मी इचोड्याच्या टायरच्या दुकानात फोन लावायचो. जावई बोलायचे. "मामाजी, ती कामात हाय," म्हणायचे. त्यांच्या मागे तिचा आवाज मला ऐकू यायचा.

आमच्या शाळेच्या मास्तरांनी एका बागेचं सांगितलं. निर्मलच्या रस्त्यानं, घाटाच्या अलीकडे, सरकारी बाग आहे. जिल्ह्यातली सारी झाडं एका जागी लावली आहेत, बाहेरदेशचीही आहेत.

"तिथं पानं भेटतीन काय?" मी विचारलं.

"पानाबिगर झाड असते काय काका?" मास्तर हसले.

माझा हिशोब सरळ होता. जेवढ्या झाडांची भेटतील तेवढी आणायची, म्हणजे तिची त्यात येतीलच. घरी आणून दाबायची, वाळली की इचोड्याला न्यायची. जळालेली पानं परत येत नाहीत हे मलाही कळतं. पण मला पोरीच्या दारात जायचं होतं, आणि रिकाम्या हातानं जायची हिंमत होत नव्हती.

माघ सरता सरता एका सोमवारी मी निघालो. शेजारच्या वच्छलाबाईनं ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला. सोबत एक कापडी पिशवी आणि जुने पेपर घेतले. पहिल्या बसनं आदिलाबादला आलो. बसमध्ये मेथीच्या आणि सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या घेतलेल्या बायाच जास्त. मीही पन्नास वर्षं याच बसनं माल नेला. आज हात मोकळे, तर बसायचं कसं तेच कळेना. एकीनं विचारलं, "काका, आज माल नाई?" म्हटलं, "आज आनाले जाऊन राह्यलो."

आदिलाबादहून निर्मलची बस धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला साग. त्या दिवसांत साग उघडा असतो. खोडं आणि काड्या, खाली तपकिरी पानांचा थर. मधूनच पळस पेटलेला. तेलुगूत त्याला मोदुगा म्हणतात. मी हा रस्ता शेकडो वेळा पाहिला आहे, पण कधी पानांकडे पाहत गेलो नव्हतो. भाजीवाल्याला पान म्हणजे रोग पाहायची जागा. मावा आहे का, तुडतुडे आहेत का, अळीनं भोकं पाडली का, एवढंच. पान चांगलं असलं की आम्ही पुढच्या झाडाकडे जातो.

इचोड्याला बस दहा मिनिटं थांबली. ट्रकांच्या रांगा, धाब्यांचा धूर, भज्यांचा वास. रस्त्यापलीकडे जावयाचं टायरचं दुकान. त्याच्या मागे त्यांचं घर. खिडकीतून दिसत होतं. सुमन बाहेर आली, बादलीतलं पाणी रस्त्यावर फेकलं, कमरेवर हात ठेवून बसकडे पाहिलं. मी टोपी पुढे ओढली आणि मान खाली घातली. बाजूचा माणूस म्हणाला, "क्या हुआ चाचा, तबियत खराब है?" मी म्हटलं, "हां."

बागेच्या फाटकाशी उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. आत गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती गारवा. दुसरी, पाट्या. प्रत्येक झाडाला टिनाची पाटी, वर तेलुगू आणि खाली इंग्रजी. मी निजामाच्या काळात दोन इयत्ता उर्दू आणि दोन मराठी शिकलो. एकही पाटी मला वाचता येईना. मास्तरांनी सांगितलं होतं नावं वाचून घ्या. मी म्हटलं, ठीक आहे, हातानं वाचू.

पहिलंच झाड ओळखीचं निघालं, आपटा. दोन पाकळ्यांचं पान, बैलाच्या खुरासारखं. दसऱ्याला आम्ही सोनं म्हणून वाटतो, घेतो, खिशात कोंबतो. मी ते सवयीनं उलटं केलं. खालून फिकट, आणि देठापासून शिरा अशा फुटलेल्या की एका जागी धरून सोडलेल्या दोऱ्या. एवढी वर्षं सोनं वाटलं, पण खालची बाजू पाहिली नव्हती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ताता! आकु तेंपोद्दु!" (आजोबा, पान तोडू नका.) खाकी शर्टातला पहारेकरी धावत आला. तिशीतला, अंगानं भरलेला.

मी हात वर केले. हिंदीत सांगितलं, "तोडा नहीं. उलटा करके देखता."

"उलटा क्यों?"

"रोग नीचे रहता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. मग स्वतः एक पान उलटं करून पाहिलं. "कोई रोग नहीं है," तो जरा रागानंच म्हणाला, जणू मी त्याच्या घरच्यांना काही बोललो. मग पिशवीकडे बोट केलं. "ये किसके वास्ते?"

म्हटलं, पानं न्यायची आहेत, पोरीसाठी. तो म्हणाला, झाडाचं एकही पान तोडायचं नाही, दंड होतो. खाली पडलेलं पाहिजे तेवढं घ्या.

मी खाली पाहिलं. जमीन अशी झाडलेली की त्यावर पंगत बसवावी. एक पान नव्हतं.

पुढे वळणावर झाडूचा आवाज आला म्हणून तिकडे गेलो. एक म्हातारी खराटा घेऊन झाडत होती. काळी, काटक, नाकात दोन्हीकडे चमकी. तिच्यामागे पानांचा ढीग, माझ्या कमरेएवढा. ढिगाशेजारी काडीपेटी ठेवलेली.

"जलाती क्या?" मी विचारलं.

"और क्या करूँ, घर लेके जाऊँ?"

तिचं नाव पोशव्वा. ती तेलुगूत बोलायची, मी मराठीत, आणि अडलं की दोघंही मोडक्या हिंदीत. मी तिला सांगितलं की थांब, पेटवू नको, मला यातली पाहिजेत. तिनं विचारलं, कशाला. माझ्यासारख्या माणसाला उगीच गोष्टी सांगायची सवय नाही, पण त्या दिवशी मी सगळं सांगितलं. डबा, पुस्तक, चूल, चहा, सगळं. ती झाडूवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली ते असं, "लोक पोरीला साडी नेतात ताता, तू कचरा नेतोस." आणि काडीपेटी पदरात बांधून टाकली.

मग आम्ही दोघं ढिगाशी बसलो. ती दोन हातांनी पानं उपसून माझ्यापुढे टाकायची, मी एकेक घेऊन पाहायचो.

सांगायला गेलं तर पानंच ती. पण मी तुम्हाला सांगतो, एकासारखं एक नव्हतं. सागाचं पान बैलाच्या जिभेसारखं खरखरीत, वरून हात फिरवला तर हात अडतो. वडाचं जाड, चामड्यासारखं, वाळलं तरी वाकत नाही, मोडतं. एक होतं, त्याची खालची बाजू मखमलीची, लहान मुलाच्या कानामागे असते तशी लव. नाव कळलं नाही. एक लांबट, कडांना बारीक दाते, करवतीसारखे. पोशव्वानं त्याचं तेलुगू नाव तीनदा सांगितलं, माझ्या जिभेवर ते बसलंच नाही. बेलाची तीन पानं एका देठावर. चिंचेची तर पानं म्हणायची की भुगा. मी ती चिमटीत घेतली आणि ती वाऱ्यानं गेली.

एक सागाचं पान मात्र वेगळं निघालं. अळीनं सारं मांस खाल्लेलं, नुसत्या शिरा राहिलेल्या. पावसाळ्यात सागावर ही अळी पडते, जंगलच्या जंगल खाऊन टाकते. मी ते कचऱ्यात टाकायला निघालो होतो. पोशव्वानं माझा हात धरला, पान घेतलं आणि उन्हात उंच धरलं. मधली मोठी शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक, त्यांच्यामध्ये जाळी, जाळीतून ऊन.

तेव्हा मला बायको आठवली. भेंडीच्या वाफ्यात ती अशीच पान उन्हात धरायची. म्हणायची, "पाहा ना, नदी कशी फुटली." मी म्हणायचो, "नदी राहू दे, मावा लागला का ते पाह्य." मावा लागला नसायचाच. ती उगाच पाहत असायची, आणि मला ते कामचुकारपणाचं वाटायचं. नकाशांच्या पुस्तकात नद्या अशाच काढलेल्या असतात, निळ्या, फुटत फुटत जाणाऱ्या. तिला नावं वाचता येत नव्हती. पण तिनं घरातली सारी पुस्तकं सोडून तेच का घेतलं असेल, हे मला त्या ढिगाशी बसून कळलं.

डोळ्यांत पाणी आलं. पोशव्वा म्हणाली, "धूळ आहे." धूळ नव्हतीच. ती उठून दुसरीकडे झाडायला गेली, आणि जिथं गेली तिथं आधीच झाडलेलं होतं.

दुपारी आम्ही हौदाजवळ जेवलो. मी तिला एक भाकर दिली. तिच्या डब्यात भात आणि पच्ची पुलुसु (चिंचेचं न शिजवलेलं सार, वरून कच्चा कांदा). ते भाकरीशी लागत नाही असं मला वाटलं होतं, पण चांगलं लागलं. ठेच्यानं तिला ठसका लागला. पाणी पीत म्हणाली, "तुमचे मराठे लोक पोटात चूल घेऊन फिरतात काय?"

जेवून मी बाकीची बाग पाहिली. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली ओलाव्यात नेच्याची रोपं. नेचा म्हणजे ओढ्याकाठी येतो तो, कंगव्यासारख्या पानांचा. सवयीनं पान उलटं केलं, तर खाली तांबूस ठिपके रांगेनं. बोटाला तांबडी भुकटी लागली. म्हटलं, तांबेऱ्याचा रोग आला. पुढे गेलो तर त्याहून वाईट. एका वाफ्यात दीड-दोन हात उंच झाडं, आणि पानांवर पिवळे शिंतोडे, पिवळ्या शिरा, काही तर अर्धी लाल. भेंडीवर केवडा (शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) येतो तो असाच. एका झाडाला आला की आठ दिवसांत सारा वाफा जातो. उपटून, लांब नेऊन जाळावं लागतं. मी बोंबलतच पोशव्वाकडे गेलो.

"अवो बाई, तिकडं सारं गेलं! उपटा लवकर, नाईतर बाग जाईन!"

ती घाबरून माझ्यामागे आली. पहारेकरीही आला. मी झाड दाखवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पहारेकरी हसत खालीच बसला.

"इदी रोगम कादु ताता," पोशव्वा पदर तोंडाशी धरून म्हणाली. (हा रोग नाही, आजोबा.) "रंगु, रंगु."

पहारेकऱ्यानं सांगितलं, ही शोभेची झाडं आहेत, क्रोटन. नेच्याखालचे तांबडे ठिपकेही रोग नाही, त्याचं बी आहे. मोठे साहेब लोक बंगल्यात लावतात. पानांवर डाग जेवढे जास्त तेवढी किंमत जास्त. लोक हैदराबादहून येऊन यांचेच फोटो काढतात.

मी म्हटलं, "आमी असं झाड दिसलं का शिव्या देऊन उपटतो."

पण मग उभा राहून पाहिलं. रोग नाही हे कळल्यावर डोळे शांत झाले. एका पानावर पिवळा रंग असा उडालेला, जसा घर सारवताना भिंतीवर उडतो. कडेला लाल रेघ. दुसऱ्यावर नुसत्या शिरा पिवळ्या, बाकी सारं गडद हिरवं. माझ्या भेंडीवर तसंच दिसायचं. तेही कधी चांगलं दिसत असेल, पण आम्हाला तसं पाहणं परवडलं नाही. खाली एक पान गळून पडलं होतं. पहारेकऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ले लो चाचा. पडा हुआ है."

तीन वाजता निघालो. पोशव्वानं पानं पेपरात एकेक घडी घालून लावून दिली, वर तिच्या झाडूतली सुतळी बांधली. म्हणाली, "पोरगी बोलली नाही तर इकडे ये. मी शिव्या देईन तिला." मी म्हटलं, "ती तुमाले बी देईन." फाटकाबाहेर येईपर्यंत ती हसत होती.

परतीची बस खचाखच. मी पिशवी छातीशी धरून उभा होतो. एक जागा झाली म्हणून पिशवी ठेवली आणि टोपी सावरायला हात वर केला, तेवढ्यात एक जाडजूड शेठ पिशवीवर बसला. आतून कुरकुर आवाज आला. मी ओरडलो. तो दचकून उठला. "क्या है उसमें? अंडे?"

"पत्ते."

"पत्ते?" तो जरा विचार करून म्हणाला, "तो फिर क्या बिगड़ा?"

खरंच होतं. दाबायचीच होती. मी म्हटलं, "बैठो." तो बसला नाही, मला विचित्र नजरेनं पाहत उभा राहिला, आणि मला खिडकी मिळाली.

तिकीट आदिलाबादचं काढलं होतं. इचोड्याला बस थांबली, लोक चहाला उतरले. रस्त्यापलीकडे दुकान. जावई एका ट्रकचं चाक काढत होते. बेत होता घरी जायचा, पानं वाळवायची, मग कधीतरी यायचं. पण कधीतरी म्हणजे कधी? आणि पान ओलं असो का वाळलं, बोलायचं तर मलाच होतं. बस सुटली तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो.

"मामाजी!" जावयानं चाक सोडलं. "तुमी? एकटे? या, या. अवो, पाह्य कोन आलं."

सुमन दारात आली. मला पाहिलं, आत गेली. मग तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवला. मी ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, पेपर उलगडला आणि एकेक पान मांडत गेलो. जावई हात पुसत उभे होते. त्यांनी सुमनकडे पाहिलं आणि चाकाकडे परत गेले.

"हे काय मांडून राह्यले?" सुमन म्हणाली. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"पानं. बागेतून आनली. निर्मलकडून."

"ही काय मायची पानं हायत?"

"नाईत. मले मालूम हाय. तिची मी जाळली." मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. "मी चुकलो, सुमे. विचारून जाळाची होती."

ती खाली बसली. पानं हातानं चाळू लागली. तिचा अंगठा पानावरून तसाच फिरत होता, मायचा फिरायचा तसा, आधी वरून, मग खालून.

"सागाचं होतं तिच्यापाशी," ती म्हणाली. "तुमी मळ्यात खोप बांधली त्या दिवशीचं. आपट्याचं माह्या लगनाचं. लिंबाच्या एका डहाळीची पानं होती, मी शाळेत पहिल्यांदा गेली तवाची. रुईचं तुमचं होतं."

"माह्यं?"

"तुमाले ताप आला होता ना, मी लहान होती. वीस दिवस. तुमी उठून बसले त्या दिवशी तिनं दारातल्या रुईचं पान तोडलं. मले दाखवे. मने, हे तुह्या बाबाचं."

ते पान चुलीत गेलं. त्यावरच्या चहात साखर कमी पडली होती, एवढंही मला आठवतं.

"मले राग त्या पानांचा नाई," ती पुढे म्हणाली. "त्यातली सारी मले माहीत होती. मले शेवटचं पाह्याचं होतं. तिनं शेवटी कोनतं ठेवलं आन कायले. तुमी पाह्यलं होतं काय?"

"पाटा मीच ठेवला होता. पान पाह्यलं नाई."

तिनं मान फिरवली. मी ती दुपार डोळ्यांपुढे आणली. पुस्तक जमिनीवर, मिटलेलं. बायकोचा हात त्यावर. मी वाकलो होतो. दिवसभर पानं पाहून पाहून डोळ्यांना वेगळंच वळण लागलं होतं बहुतेक, कारण आता काहीतरी दिसलं.

"देठ," मी म्हटलं. "देठ बाहेर आला होता पुस्तकाच्या. तिनं बोटानं आत ढकलला."

सुमन वळली. "कसा होता?"

"लांब. एवढा." मी बोट दाखवलं. "बारीक. वाटोळा."

"लव होती?"

"नाई. गुळगुळीत. पिवळट."

"मंग पिपर (पिंपळ) असन."

"असन."

"पिपर आपल्या गावात तीन जागी हाय. बसथांब्यावर, मारुतीपाशी, आन तळ्यावर." ती बोटं मोजत होती. "मी दिवाळीले येऊन गेली तवा ती मले सोडाले बसथांब्यावर आली होती. पन तळ्यावर तर ती रोजच जाय."

"मंग?"

"मंग काई नाई. कसं कळन आता?" ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "निदान पिपर तरी कळला." आणि पुन्हा पानं चाळू लागली. शेवटी ते क्रोटनचं पान निघालं, पिवळे शिंतोडे आणि लाल कड. शेठच्या बसण्यानं त्याला मधोमध घडी पडली होती.

"हे मायजवळ नव्हतं. हे काऊन आनलं? रोग हाय यावर."

"रोग नाई तो. रंग हाय."

"पन आनलं काऊन?"

"मले आवडलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तेलुगूत बोललो. जावयाला हाक मारली. "आयकलं काय, बाबाले पान आवडलं मने." जावई चाकावरूनच म्हणाले, "मामाजीले? कोनतं, खायचं?" ती हसली. मग उठली, म्हणाली, "हातपाय धुवा. वरन-भात टाकते. बस तर गेली तुमची."

जेवताना तिनं दोनदा वाढलं. मी नको म्हटलं तरी वाढलं. झोपायला ओट्यावर बाज टाकून दिली.

सकाळी उजाडल्यावर उठलो. ट्रक सुरू झाले होते. सुमन मागच्या अंगणात चूल पेटवत होती. तिथं तिनं भोपळ्याचा वेल छपरावर चढवला आहे, न्हाणीचं पाणी मिळतं म्हणून चांगला फोफावला आहे. मी सारी पानं पाहून एक मोठं निवडलं. उलटं करून पाहिलं, कीड नव्हती. तोडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे कायले?"

"कालच्या दिवसाचं. ठेव."

तिनं पान घेतलं, अंगठ्यानं दाबलं. पाणी सुटलं.

"बाबा, भोपळ्याचं पान ठेवते काय कोनी? पानीच पानी हाय यात. चार दिवसात सडन आन पुस्तक बी नासन. दुसरं आना."

मी चपला घातल्या आणि दुसरं पाहायला गेलो.